टावर समोर दिसतो मग नेट काहून रांगतं, कॅल्क्युलेटरवर हिशोब लावून बघा

आमच्या आर्णी तालुक्यात कोणत्याही गावात जा, एकच गाऱ्हाणं ऐकू येतं. मागच्या पावसाळ्यात एका काकाजींनी मला टिनावर चढवलं आणि बोट दाखवून म्हणाले, "थो पाय टावर, समोरच त हाय, डंडे बी फुल हायत, मंग नेट काहून चालत नाई बाप्पा?" पोरगी त्यांची भरतीचा अभ्यास करते, क्लासचा व्हिडिओ दर दोन मिनिटाला गोल गोल फिरत बसायचा. मी डिश, कॅमेरे आणि सिमवाले राऊटर बसवायचं काम करतो, आणि हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की शेवटी सगळा हिशोब कॅल्क्युलेटरमध्येच घालून ठेवला. घरी जायचं, तीन आकडे बघायचे, टाकायचे, आणि अँटेना वर चढवायचा का फिरवायचा का काहीच करायचं नाही हे तिथंच कळतं. तेच कसं करायचं ते लिहितो, कोणालाही जमेल, लॉग काय असतं ते बारावीत शिकलेलं आठवत असलं तर बरं, नसलं तरी चालतं.

पहिली गोष्ट, फोनवरचे सिग्नलचे डंडे विसरा. डंडे म्हणजे फक्त आवाज किती मोठा येतोय ते, शब्द समजतात का नाही ते डंडे सांगतच नाहीत. रात्री जागलीला गेलात तर दोन वावरं पलीकडून कोणी हाक मारली तरी नाव ऐकू येतं, कारण बाकी सगळं शांत. आणि आठवडी बाजारात माणूस खांद्याला खांदा लावून उभा असतो तरी त्याला दोनदा विचारावं लागतं, काय म्हणाला भाऊ. नेटचं अगदी तसंच आहे, हाक किती मोठी यापेक्षा हाक आणि गोंगाट यातला फरक किती, त्यावर स्पीड ठरतो.

आता आकडे कुठं सापडतात ते. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमध्ये अबाऊट फोन, त्यात सिम स्टेटस, तिथं सिग्नल स्ट्रेंथ डीबीएममध्ये दिसते (सिग्नलची ताकद मोजायचं माप, आकडा मायनसमध्ये असतो, शून्याकडं जाईल तितका चांगला), बाजूला एएसयू म्हणून आकडा असतो. फोरजी असेल तर एएसयूमधून १४० वजा केले की तोच डीबीएमचा आकडा येतो, म्हणजे एएसयू ३६ असला तर -१०४. याला आरएसआरपी म्हणतात, हा झाला हाकेचा आवाज. -८० म्हणजे मस्त, -११० म्हणजे कमी, -१२० च्या खाली गेलं की फोन टावरचा हात सोडायला लागतो. पण खरा महत्त्वाचा आकडा एसआयएनआर, हाक आणि गोंगाट यातला फरक, तो डीबीमध्ये असतो, म्हणजे एक दुसऱ्याच्या किती पट ते सांगणारं माप. तो बघायला नेटमॉन्स्टरसारखं ॲप टाका, सगळ्याच फोनमध्ये दिसत नाही, पण सिमवाल्या राऊटरच्या सेटिंगच्या पानावर बहुतेक वेळा असतोच. आणि तिसरा आकडा चॅनेलची रुंदी, बँडविड्थ, ५, १०, १५ नाहीतर २० मेगाहर्ट्झ, तोही तिथंच मिळतो. आरएसआरक्यू नावाचा चौथा आकडाही दिसेल, त्यात टावरवर लोड किती तेही मिसळलेलं असतं म्हणून मी तो हिशोबात धरत नाही.

आकडे एकदाच बघून पळू नका. एसआयएनआर सारखा नाचत असतो, दोन मिनिटं बघत बसा, दहा वेळा कागदावर लिहा आणि मधला आकडा घ्या. सकाळी एकदा आणि रात्री आठ-नऊला एकदा, कारण रात्री आजूबाजूच्या टावरांवर लोक नेट वापरत असतात, गोंगाट वाढतो, आणि तोच तुमचा खरा आकडा.

फॉर्म्युला एकच आहे. क्लॉड शॅनन नावाचा गणिती बेल लॅबमध्ये कामाला होता, त्यानं १९४८ साली मांडला, मोबाईल कोणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा. रुंदी गुणिले लॉग बेस २, कंसात एक अधिक सिग्नल भागिले गोंगाट. रुंदी मेगाहर्ट्झमध्ये टाकली की उत्तर एमबीपीएसमध्ये येतं, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. हे उत्तर म्हणजे त्या चॅनेलची छत, एका वाटेनं याच्यावर कोणी काहीही केलं तरी चुका न होता डाटा जाऊ शकत नाही, मशीन कितीही महाग घ्या. मला हे पहिल्यांदा डिप्लोमाला असताना समजलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती, की हवेतून किती जाईल याचीही हद्द आहे आणि ती एका ओळीत लिहिता येते.

माझ्याकडं कॅसिओचा एफएक्स-५८००पी आहे, मामाजींचा, ते रस्त्याच्या कामावर सर्व्हेअर होते, टोटल स्टेशन म्हणजे मोजणीचं यंत्र घेऊन फिरायचे आणि वळणाचे सगळे हिशोब याच्यावर करायचे. बटणांवरची अक्षरं घासून गेलीत पण चालतो, एक बारीक सेल टाकला की झालं. प्रोग्रॅम टाकायला मोड दाबायचं, मग ५, मग १ म्हणजे न्यू, नाव द्यायचं, एक्झे दाबायचं, आणि १ दाबून साधा कॉम्प मोड घ्यायचा. प्रश्नचिन्ह, बाण, तो काळा त्रिकोण, इफ, देन हे सगळं फंक्शन बटणाच्या प्रोग मेन्यूत आहे. खाली मी बटणांची नावं बोलतो तशीच लिहितोय, ए बी सी म्हणजे अल्फा दाबून येणारी ती अक्षरं:

?→ए
?→बी
?→पी
बी×लॉग(१+१०^(ए÷१०))÷लॉग(२)→सी
०.६×सी→डी
इफ डी>४.४×बी : देन ४.४×बी→डी : इफएन्ड
सी◢
डी◢
पी+१२५.२-ए

ए म्हणजे एसआयएनआर, बी म्हणजे रुंदी, पी म्हणजे आरएसआरपी. रन केलं की तो एकेक विचारतो, तुम्ही आकडा टाकून एक्झे दाबत जायचं, मायनस आकड्याला कंसातलं मायनसचं बटण वापरा, वजाबाकीचं नाही. पहिलं उत्तर शॅननची छत, दुसरं प्रत्यक्षात मिळण्यासारखं, तिसरं कशाचं ते पुढं सांगतो कारण सगळी मजा त्यातच आहे.

लॉग भागिले लॉग(२) काहून, तर कॅल्सीचं लॉग १० च्या बेसचं असतं आणि आपल्याला २ चं पाहिजे, भागलं की होतं. ०.६ आणि ४.४ हे मी मनानं टाकलेले नाहीत, एलटीईचं म्हणजे फोरजीचं स्टँडर्ड बनवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या अभ्यासात डाऊनलोडसाठी हेच धरलेत, छतीच्या साठ टक्के, आणि एका हर्ट्झमागं ४.४ च्या वर नाही. म्हणजे एसआयएनआर २२ च्या वर गेला की या हिशोबात अजून वाढवून फायदा नाही, तिथं अँटेना हलवत बसू नका, खाली उतरा. हे सगळं एका वाटेचं, राऊटरला दोन अँटेना असून दोन्ही वाटा नीट चालल्या तर याच्या वरही जातं.

ज्यांच्याकडं प्रोग्रॅमवाला नाही, शाळा कॉलेजातला कॅसिओचा एफएक्स-९९१ आहे, त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही. बी×लॉग(१+१०^(ए÷१०))÷लॉग(२) एवढं टाइप करा आणि बरोबरचं चिन्ह न दाबता कॅल्क दाबा, तो ए आणि बी विचारतो आणि उत्तर देतो, परत कॅल्क दाबलं की परत विचारतो. बाकी गुणाकार वजाबाकी हातानं.

एक चूक मी स्वतः केली ती सांगतो कारण ती सगळेच करतात. डीबीचा आकडा सरळ फॉर्म्युल्यात टाकायचा नसतो, आधी त्याला पटीत बदलावं लागतं, ते १०^(ए÷१०) त्यासाठीच आहे. ३ डीबी म्हणजे दुप्पट, १० डीबी म्हणजे दहापट, १३ डीबी म्हणजे वीसपट, ० डीबी म्हणजे हाक आणि गोंगाट सारखेच, आणि -३ म्हणजे गोंगाट दुप्पट. मी सुरुवातीला सरळ १+१३ करून लॉग घ्यायचो, उत्तर थोडंसंच चुकीचं यायचं म्हणून लक्षातच नाही आलं, १३ ला ३.८ यायचं आणि बरोबर उत्तर ४.४. एका घरी एसआयएनआर -३ होता, टाकला तर स्क्रीनवर मॅथ एरर. बरोबरच आहे, १ मधून ३ गेले की -२ आणि मायनसचा लॉग निघत नाही. त्या दिवशी तिथंच धुऱ्यावर बसून प्रोग्रॅम सुधारला. बरोबर हिशोबानं -३ ला १० मेगाहर्ट्झवर छत ५.८६ एमबीपीएस येते, म्हणजे हाकेपेक्षा गोंगाट दुप्पट असला तरी काहीतरी निघतंच.

प्रोग्रॅम बरोबर पडला का ते बघायला एसआयएनआरला ० आणि रुंदीला १० टाका, छत बरोबर १० आली पाहिजे आणि दुसरं उत्तर ६. नाही आली तर कुठला तरी कंस सुटलाय.

आता तिसरं उत्तर. प्रत्येक रिसीव्हरला स्वतःचा एक गोंगाट असतोच, वस्तू गरम आहे म्हणूनच असतो, एका हर्ट्झला -१७४ डीबीएम. आरएसआरपी ज्या बारीक पट्टीवर मोजतात ती १५ किलोहर्ट्झची, १५००० चा लॉग गुणिले १० म्हणजे ४१.८, आणि राऊटरच्या आतल्या सर्किटचे मी ७ डीबी धरतो. सगळं मिळून -१२५.२. म्हणजे तुमच्या आरएसआरपीत १२५.२ मिळवले की कळतं, दुनियेत दुसरा एकही टावर नसता तर एसआयएनआर किती आला असता. त्यातून खरा एसआयएनआर वजा केला की उरतं ते दुसऱ्या टावरांनी खाल्लेलं. कोणी मे महिन्यातल्या उन्हाचं विचारेल म्हणून तेही करून बघितलं, २९० केल्विनच्या जागी ४५ डिग्रीचे ३१८ घेतले तर फरक फक्त ०.४ डीबी, त्यामुळं उन्हानं नेट स्लो होतं म्हणणाऱ्यांनी उन्हाला बोल लावू नये, टिनाखाली राऊटर तापून बंद पडतो ती गोष्ट वेगळी.

काकाजींच्या घरी काय होतं बघा. आरएसआरपी -९२, एसआयएनआर फक्त ३, रुंदी १०. टाकलं तर छत १५.८३, मिळण्यासारखं ९.५, आणि तिसरं उत्तर ३०.२. तीस डीबी म्हणजे हजारपट! हाक खणखणीत होती, पण त्यांचं घर उंचावर, तिथून तीन बाजूचे तीन टावर दिसतात, तिन्ही एकाच वेळी बोलत होते. अशा जागी अँटेना अजून वर चढवला तर उलटं होतं, दूरचे टावर अजून साफ दिसायला लागतात. मी दिशावाला अँटेना टिनावरून काढून उत्तरेच्या भिंतीला खाली लावला, म्हणजे मागच्या दोन टावरांना घराचीच आड झाली, आणि समोरच्या टावरपासून थोडा बाजूला वळवत गेलो. काकाजी खालून ओरडत होते, "अरे टावर तिकडं हाय, तू हिकडं कायले फिरवतं?" पोरगी खिडकीतून एसआयएनआर वाचत होती, पाच, सात, आठ, तेरा, अकरा, परत तेरा, तिथं नट आवळला. आरएसआरपी -१०१ झाला, म्हणजे डंडे दोन कमी, पण छत ४३.९ वर गेली आणि मिळण्यासारखं २६.३, तिसरं उत्तर ११.२. पोरीनं स्पीड टेस्ट लावली ती एकवीसला थांबली. बाकीचं टावरवरच्या इतर लोकांच्या वाट्याला गेलं, कारण हिशोबातला आकडा सगळ्या टावरचा असतो, तुमच्या एकट्याचा नाही. रात्री पन्नास जण एकदम चालू झाले तर त्यातच सगळ्यांना भागवावं लागतं, आणि ते कोणत्याही अँटेनानं बदलत नाही. हे गिऱ्हाईकाला आधीच सांगा, मी सांगतो.

उलटी केस टिपेश्वरच्या जंगलाकडच्या एका गावातली. घर खोलगटात, चारी बाजूनं साग. आरएसआरपी -१२१, एसआयएनआर २, रुंदी ५. छत ६.८५, मिळण्यासारखं ४.१, आणि तिसरं उत्तर फक्त २.२. म्हणजे गोंगाट नाहीच, हाकच पोचत नाही. इथं सरळ उपाय, उंच पाईप आणि जास्त गेनचा, म्हणजे हाक जास्त ओढणारा अँटेना. १२ डीबीचा लावला, वायरमध्ये ३ गेले, उरले ९, आरएसआरपी -११२ आणि एसआयएनआर ११. म्हणजे मिळण्यासारखं ११.३, तिपटीच्या जवळ. तिथं मी उन्हाळ्यात जाऊन अँटेना लावत नाही आता, सागाची पानं गळलेली असतात, आकडे छान येतात, आणि पावसाळ्यात ओल्या पानांनी सगळं परत खाली येतं. श्रावणात लावलेला अँटेना बाराही महिने चालतो.

वायरचं पण यातूनच समजतं, जे मला कोणी दुकानदारानं कधी सांगितलं नव्हतं. तिसरं उत्तर लहान असेल तर वायरीतला प्रत्येक डीबी सरळ तुमच्या एसआयएनआरमधून जातो, तिथं जाडी वायर घ्या, आखूड ठेवा, नाहीतर राऊटरच वर पाईपजवळ पेटीत बसवा आणि खाली लॅनची वायर आणा, ती शंभर मीटरपर्यंत चालते. पण तिसरं उत्तर मोठं असेल तर वायर हाकेलाही कमी करते आणि दुसऱ्या टावरांनाही तेवढंच कमी करते, फरक तोच राहतो, तिथं महागड्या वायरीवर पैसे घालणं वाया. हेच बूस्टरला लागू, बाजारात मिळतात ते बूस्टर हाक आणि गोंगाट दोन्ही वाढवतात, डंडे फुल होतात आणि एसआयएनआर जिथल्या तिथं. शिवाय परवानगीशिवाय बूस्टर लावणं गुन्हा आहे, आणि एका घराच्या बूस्टरनं अख्ख्या गावाचा टावर बिघडतो. लावू नका, कोणाला लावू देऊ नका.

बँड निवडतानाही हा हिशोब लावा. बऱ्याच राऊटरमध्ये बँड, म्हणजे टावर ज्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात बोलतो तो, लॉक करता येतो. एका घरी २३०० च्या बँडवर २० मेगाहर्ट्झ होते पण एसआयएनआर २, आणि ८५० वर ५ च मेगाहर्ट्झ पण एसआयएनआर १८. सगळे म्हणतील वीस घ्या, चौपट आहे. टाकून बघा, पहिल्याचं मिळण्यासारखं १६.४ आणि दुसऱ्याचं १८. त्यात २३०० चा बँड एकाच चॅनेलवर कधी खाली कधी वर असा आळीपाळीनं चालतो, वेळेचा काही हिस्सा अपलोडला जातो, म्हणजे १६.४ पण पूर्ण हाती येत नाही. मी ८५० वर लॉक केला. पण २३०० चा एसआयएनआर जर अँटेना फिरवून १० पर्यंत येत असेल तर मग तोच घ्या, तेव्हा उत्तर ४१ च्या वर जातं.

दोन वायरीवाला राऊटर असेल तर दोन्ही लावा, एकच लावून दुसरी मोकळी सोडणारे लय आहेत, त्यात दुसरी वाटच बंद होते. पाईपला अर्थिंग द्या, आपल्याकडं मृगात विजा कशा पडतात ते सांगायला नको. आणि अँटेना जिथं आवळला तिथं पाईपवर आणि क्लॅम्पवर मिळून रंगाची एक उभी रेघ मारून ठेवा. माकडं टोळीनं येतात, लटकतात, अँटेना फिरतो, आणि रेघ असली की फोनवरच सांगता येतं, रेघेला रेघ जुळवा.

शेवटी अपलोडचं, कारण वावरात उभं राहून ई-पीक पाहणीचा फोटो टाकताना तेच अडतं. टावर चाळीस वॉटनं बोलतो आणि तुमचा फोन जास्तीत जास्त पाव वॉटच्या आतच, २३ डीबीएम. त्यामुळं तुम्हाला टावर ऐकू येतो पण टावरला तुम्ही ऐकू जात नाही, व्हिडिओ चालतो आणि फोटो अडकतो. अपलोडसाठी प्रोग्रॅममध्ये ०.६ च्या जागी ०.४ आणि ४.४ च्या जागी २ टाका, फक्त तिथला एसआयएनआर टावरकडं मोजलेला लागतो, तो आपल्याला दिसत नाही. म्हणून वावरात मी आरएसआरपीच बघतो, -११० च्या वर असलेली जागा शोधतो. पऱ्हाटी कमरेच्या वर गेली की खाली बसून फोटो जात नाही, धुऱ्यावर नाहीतर विहिरीच्या काठड्यावर या, फोन उंच धरा. दोन एमबीचा फोटो म्हणजे सोळा मेगाबिट, अपलोड अर्धा एमबीपीएस मिळाला तरी बत्तीस सेकंद लागतात, तेवढा वेळ हात खाली घेऊ नका.